ब्लू पिलवर चालणारा डीएमए एच७४३ वर आल्यावर गप्प का बसतो?

गोट्या_सर्किट:
मंडळी मदत करा. जीपीएस मॉड्यूल, ९६०० बॉड, यूएआरटी (सिरियल पोर्ट) आरएक्सला डीएमए (कोअरला न गुंतवता डेटा थेट रॅममध्ये टाकणारं हार्डवेअर) सर्क्युलर मोडमध्ये, २५६ बाइटचा बफर. हाच कोड ब्लू पिल बोर्डवर (एसटीएम३२एफ१०३ चिप) वर्षभर बिनबोभाट चाललाय. आता न्यूक्लिओ बोर्डवर एसटीएम३२एच७४३ ला आणला तर बफर सगळा शून्य, एक अक्षर येत नाही, आणि डीएमए काढून इंटरप्टने एकेक बाइट घेतला की सगळं व्यवस्थित दिसतं, म्हणजे वायरिंगचा घोळ नाहीये ना? दोन रात्री गेल्या, घरचे विचारायला लागलेत सॅटेलाइट सापडलं का म्हणून.

सोल्डरभाऊ:
मेनमध्ये डीएमए इनिट यूएआरटी इनिटच्या आधी आहे का बघ. उलट असेल तर डीएमएचा क्लॉकच बंद असतो आणि सेटिंग लिहिलेलं वाया जातं. मी यात अख्खा रविवार घालवलाय.

गोट्या_सर्किट:
आधीच आहे दादा. रिक्वेस्ट पण बरोबर निवडलीय, इथे डीएमएमक्स (रिक्वेस्ट हव्या त्या चॅनलला जोडणारा स्विच) आहे त्यामुळे एफ१०३ सारखी ठरलेल्या चॅनलची सक्ती नाही. एक मात्र दिसलं, एरर कॉलबॅकमध्ये ब्रेकपॉइंट टाकला तर पहिल्याच बाइटला तिथे थांबतंय, एरर कोड हेक्स १०.

रात्रपाळी:
अरे मग हे आधी सांगायचं ना! हेक्स १० म्हणजे डीएमए एरर. मॅप फाइल (कुठलं व्हेरिएबल कुठल्या पत्त्यावर ते सांगणारी) उघड आणि बफरचा हेक्स पत्ता बघ, २००० ने सुरू होत असेल तर तो डीटीसीएममध्ये आहे, १२८ केबीची ती रॅम थेट कोअरला जोडलेली, डीएमए१ आणि डीएमए२ ला तिथे जायला रस्ताच नाही. लिंकर फाइलमध्ये (मेमरीत काय कुठे बसेल ते ठरवणारी) वेगळा सेक्शन कर आणि बफर २४०००००० वाल्या एएक्सआय एसरॅममध्ये टाक. ३००००००० ची पण चालते, पण तिचा क्लॉक आपण चालू करावा लागतो, उगाच अजून एक भानगड.

गोट्या_सर्किट:
पत्ता २००० नेच सुरू होता 🙏 हलवला, डेटा यायला लागला! पण आता वेगळंच, पहिली ओळ बरोबर येते आणि मग तीच तीच जुनी ओळ परत परत वाचली जाते.

रात्रपाळी:
डी-कॅश (डेटा कॅश) चालू केलाय ना? डीएमए रॅममध्ये लिहितो, कोअर कॅशमधली शिळी कॉपी वाचतो. वाचायच्या आधी बफरचा पत्ता नि साइझ देऊन कॅश इनव्हॅलिडेट कर, म्हणजे ती शिळी कॉपी टाकून दे. पण बफर ३२ बाइटला अलाइन हवा आणि साइझ पण ३२ च्या पटीत हवी (तुझी २५६ आहे, ठीक), कारण कॅशची लाइन ३२ बाइटची असते, आणि त्याच लाइनीत शेजारी दुसरं व्हेरिएबल बसलं असेल तर त्यात लिहिलेली पण अजून रॅममध्ये न गेलेली व्हॅल्यू इनव्हॅलिडेट करताना उडते, असला बग शोधताना माणूस वेडा होतो.

सोल्डरभाऊ:
किंवा एमपीयूने (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणारं युनिट) तेवढा भाग नॉन-कॅशेबल करून मोकळा हो. ९६०० बॉडला सेकंदाला जेमतेम ९६० बाइट येतात, कॅशची गरज कोणाला आहे.

गोट्या_सर्किट:
एमपीयूवालं केलं, तासभर झाला एकही ओळ चुकली नाही. आता दुसरं मॉड्यूल एलपीयूएआरटी१ ला (कमी पॉवरचा यूएआरटी) लावतो, बफर याच्याच शेजारी ठेवतो.

रात्रपाळी:
थांब थांब. एलपीयूएआरटी१ ला बीडीएमए हा वेगळा डीएमए लागतो, आणि त्याला एएक्सआय एसरॅम दिसत नाही. तो बफर ३८०००००० च्या एसरॅम४ मध्ये.

गोट्या_सर्किट:
😭