पाळी लांबते, मग ओव्ह्युलेशनचे दिवस कसे धरायचे?

अबोली_इंदूर
नमस्कार. मी ३१ वर्षांची, राजेंद्र नगरला राहते. आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. माझी पाळी कधी ३३ दिवसांनी येते, कधी ३७. मोबाइलमधलं अ‍ॅप दर महिन्याला तारीख पुढे-मागे सरकवतं, म्हणून दवाबाजारातून ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे स्त्रीबीज सुटण्याचे दिवस ओळखायच्या पट्ट्या आणल्या. त्यात दुसरी रेघ रोजच दिसते, पण फिकट. प्रेग्नन्सीच्या किटमध्ये फिकट रेघ असली तरी 'हो' धरतात, इथेही तसंच का?

सकाळचं टेंपरेचरही लिहून ठेवते. पण आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे. त्या दिवशी अंधारात उठून मोटर लावावी लागते, एरवी साडेसहापर्यंत झोप. त्यामुळे आकड्यांचा काही मेळच लागत नाही. यांची नोकरी पीथमपूरला, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. नाइट असली की आमची भेट दारातच होते. म्हणून महत्त्वाचे चार-पाच दिवस कुठले, एवढं तरी नीट कळायला हवंय. आई ग्वाल्हेरला असते, ती म्हणते, डोक्यातून काढून टाक, होईल आपोआप. पण मला हे समजून घ्यायचंय.

केतकी
अबोली, मी सुदामा नगरची. माझीही पाळी लांबायची, त्यामुळे हे सगळं मी केलेलं आहे. सविस्तर लिहिते.

पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी बीज सुटतं, हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशेब. स्त्रीबीज बाहेर पडलं की तिथून पुढची पाळी यायला बहुतेकींना १२ ते १४ दिवस लागतात, आणि हा काळ दर महिन्याला फारसा बदलत नाही. लांबतो तो त्याच्या आधीचा भाग. म्हणून पुढच्या पाळीपासून मागे मोजायचं. तुझं बीज साधारण १९ ते २५ या दिवसांत कधीतरी सुटत असणार. पट्ट्या १६व्या दिवसापासून सुरू कर, दहाव्यापासून वाया घालवू नकोस, महाग पडतात.

आता ती रेघ. पट्टी एलएच नावाचं हार्मोन पकडते आणि ते थोडंफार अंगात नेहमीच असतं, बीज सुटायच्या आधी मात्र एकदम वाढतं. म्हणून फिकट रेघेला काही अर्थ नाही. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच 'हो'. तिथून साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटतं. सकाळची पहिली लघवी यासाठी घेऊ नकोस. दुपारी किंवा संध्याकाळी, रोज एकाच वेळेला, आणि त्याआधी दोन तास पाणी बेताचं. रेघ गडद व्हायला लागली की दिवसातून दोनदा बघ, कारण काहीजणींत एलएचची ती लाट फार लवकर ओसरते. पाकिटावर लिहिलेल्या मिनिटांतच वाचायचं. वाळलेली पट्टी तासाभराने बघितली की हमखास गोंधळ होतो.

पण माझं कळकळीचं सांगणं असं की नुसत्या पट्टीवर बसू नकोस, ती उशिरा सांगते. बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जगतात. म्हणजे कामाचे दिवस आधीचे पाच आणि बीज सुटण्याचा तो एक. याची आगाऊ खबर अंगावरून जाणारा स्रावच देतो. पाळीनंतर कोरडं वाटतं, मग चिकट, मग दह्यासारखं, आणि मग कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, दोन बोटांत धरलं तर तार निघते. ओलं वाटायला लागलं की एक दिवसाआड एकत्र येणं पुरे. रात्रच हवी असंही काही नाही. नाइट असेल त्या आठवड्यात ते सकाळी परत येतात ती वेळही तेवढीच चांगली.

टेंपरेचर बीज सुटून गेल्यावर वाढतं, ०.४ ते १ अंश फॅरनहाइट, आणि तीन दिवस वर राहिलं तर बीज सुटलं असं मानतात. त्यावरून आधीचं काही कळत नाही. घ्यायचंच असेल तर पाणी असो वा नसो, रोज त्याच पहाटेच्या वेळेचा गजर लाव, अंथरुणातच माप, मग हवं तर पुन्हा झोप. त्याआधी सलग तीन-चार तास झोप झालेली हवी.

दुर्वा
मी गीता भवनकडच्या एका पॅथॉलॉजीत काम करते. दोन गोष्टी सांगते. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असेल तर एलएच मुळातच जास्त असू शकतं, मग पट्टी दिवसेंदिवस गडद येते आणि बीज सुटतच नाही. तुम्हाला तसं दिसलं तर पट्टीवर विश्वास ठेवू नका.

दुसरं, प्रोजेस्टेरॉनची (बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची) रक्ततपासणी 'एकविसाव्या दिवशी' असं चिठ्ठीवर सरसकट लिहिलेलं असतं. ती बीज सुटल्यानंतर सात दिवसांनी करायची असते. तुमच्या पाळीत तो दिवस २६ ते ३२च्या मध्ये कुठेतरी पडेल. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना हे जरूर विचारा. आमच्याकडे किती बायका चुकीच्या दिवशी येतात आणि रिपोर्ट कमी आला म्हणून रडत जातात, फार वाईट वाटतं.

आणि मिस्टरांची वीर्यतपासणी आत्ताच करून घ्या. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे, बाकी काही त्रास नाही. काम भट्टीजवळचं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, उष्णतेचा परिणाम होतो. फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू केलं नसेल तर आजच विचारून घ्या.

अबोली_इंदूर
केतकीताई, दुर्वाताई, मनापासून आभार. गेल्या महिन्यात रेघ बरेच दिवस गडदच होती, ते वाचून आता धास्ती वाटतेय. डॉक्टरकडे वर्षभराने जायचं असतं ना?

केतकी
वय ३५च्या आत असेल तर वर्षभर, ३५ नंतर सहा महिने, असं सांगतात. पण ते पाळी नियमित असेल त्यांच्यासाठी. तुझी पाळी ३५ दिवसांच्या पुढे जाते, त्यात रेघही अशी, तू थांबू नकोस. फॉलिक्युलर स्टडी करतील, म्हणजे एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी. बीजाची पिशवी साधारण १८ ते २४ मिलिमीटरची झाली की फुटते, आणि ती फुटली का हे त्यात स्पष्ट दिसतं. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही (दूध येण्याचं हार्मोन) बघतील. जाताना पट्ट्यांचे फोटो तारखा घालून घेऊन जा आणि मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा एका कागदावर लिहून ठेव, तिथे ऐन वेळी आठवत नाहीत. मिस्टरांची डे शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळची वेळ घे, दोघंही जा.