दहावीचे पीटी-चित्रकलेचे तास गणिताला देऊन निकाल वाढत नाही

काटकोन
‘गणितप्रेमी’ यांची कालची पोस्ट वाचली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित माध्यमिक शाळांनी नववी-दहावीचे शारीरिक शिक्षण आणि चित्रकलेचे तास सरळ गणित-इंग्रजीला द्यावेत. मैदान आणि कलादालन हे ‘पैसेवाल्या शाळांचे लाड’ आहेत. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला मिळणारे वाढीव गुणही बंद करावेत. खाली सगळे ‘अगदी बरोबर’ म्हणत सुटलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आठवड्याला पीटीच्या दोन आणि चित्रकलेची एक तासिका धरा, प्रत्येकी ३५ मिनिटांची. झाली १०५ मिनिटं. ती गणिताला दिली की वर्गात काय होतं? संभाव्य प्रश्न फळ्यावर लिहायचे, मुलांनी वहीत उतरवायचे. पण मुलं अडतात ती जागा वेगळीच आहे. एक्स वर्ग वजा ५ एक्स वजा १४ बरोबर शून्य हे समीकरण द्या. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. विवेचक (बी वर्ग वजा ४ एसी) काढताना शेवटचं पद ऋण आहे हे निसटतं, २५ अधिक ५६ ऐवजी २५ वजा ५६ होतं आणि उत्तर वजा ३१ येतं. यायला हवं ८१. ही चूक सहावी-सातवीतल्या पूर्णांक संख्यांची आहे. दहावीत वर्गसमीकरणं आणखी दहा वेळा उतरवून ती कशी जाणार?

आता भूमितीतल्या रचना. त्रिज्या ३.३ सेमी, केंद्रापासून ७ सेमीवर बिंदू, तिथून दोन स्पर्शिका काढा. लंबदुभाजक, मध्यबिंदू, दुसरं वर्तुळ, छेदनबिंदू, या पायऱ्या मुलं घडाघडा म्हणतात. कागदावर मात्र कंपासचा स्क्रू ढिला, पेन्सिलीचं टोक बोथट, कंस मिलिमीटरभर जाड. मग स्पर्शिका वर्तुळाला शिवण्याऐवजी कापून जाते. मोजली तर ६.२ सेमीच्या आसपास भरायला हवी, मुलांची पाच-सात मिलिमीटरनं चुकते. हे दुरुस्त होतं चित्रकलेच्या तासाला. २एच पेन्सिल, टोक काचकागदावर घासून छिन्नीसारखं चपटं केलेलं, कंपासची सुई आणि शिस एका पातळीत. इंटरमिजिएटला भूमितीची वेगळी प्रश्नपत्रिका असते, हे गणिताच्या माणसाला सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

गणितप्रेमी
सर, तुमचा चित्रकलेचा तास कागदावर छान दिसतो. पीटीचा तास म्हणजे प्रत्यक्षात काय असतं तेही लिहा की. साठ मुलं, एक व्हॉलीबॉल, त्यात हवा कमी. बारा मुलं खेळतात, बाकीची कट्ट्यावर बसतात, मुली झाडाखाली. त्याला मी शिक्षण म्हणायचं?

दुसरं, दहावीच्या गुणांवर आता काय काय ठरतं ते बघा. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मध्ये, म्हणजे जास्त गुणांच्या पाच विषयांत, ५०० पैकी टक्केवारी. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने. पूर्वी गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात थेट अर्ज केला की भागायचं, आता गुणवत्ता यादी लागते. अशा वेळी इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी असलेल्याला ७, ‘बी’ला ५, ‘सी’ला ३ गुण फुकट. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही तिथल्या मुलीने काय करायचं? शहरातली मुलं खाजगी क्लास लावून ‘ए’ आणतात. हा अन्याय तुम्हाला दिसत नाही का?

मैदानकर
एक व्हॉलीबॉल असेल तर व्हॉलीबॉल घ्यायचाच कशाला? साठ मुलांचा तास असा लावतात: पाच मिनिटं अंग मोकळं करणं, मग पंधरा-पंधराचे चार गट. एक गट जागेवरून लांब उडी, दुसरा १० मीटरच्या चार खेपांची धाव, तिसरा लंगडी, चौथा मेडिसिन बॉलची, म्हणजे जड चेंडूची, फेक. दर सहा मिनिटांनी शिट्टी, गट पुढे सरकतो. चोवीस आणि पाच एकोणतीस, अदलाबदलीत तीन-चार मिनिटं जातात, तास भरतो. सामान म्हणजे चुना, मोजपट्टी, दोरी, शिट्टी. मेडिसिन बॉल नसेल तर जुन्या फुटबॉलमध्ये वाळू भरून शिवतात. एकही मूल कट्ट्यावर बसत नाही.

पण हे करायला प्रशिक्षित माणूस लागतो, आणि ते पदच रिकामं ठेवायचं हे धोरण झालंय. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीला शंभरावर पट असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारे) लिहिलेत. मैदानही लिहिलंय. नववी-दहावी त्या कायद्याबाहेर, म्हणून तिथे कुणी विचारत नाही. सेवानिवृत्त झालेल्या पीटी शिक्षकाच्या जागी संचमान्यतेत (पटानुसार शिक्षकपदं मंजूर करताना) दुसरा येत नाही, आणि मग तुमच्यासारखे म्हणतात की तास वाया जातो.

पेव्हरनको
मैदान कुठे उरलंय ते तरी सांगा! आमदार निधी आला की पहिलं काम पेव्हर ब्लॉक. पटांगण भरून ब्लॉक, वर ध्वजस्तंभाभोवती ग्रॅनाईट, उद्घाटनाची पाटी. ब्लॉकवर पडलेल्या मुलाचा गुडघा सोलतोच, शिवाय उडी मारून टाच आपटली की हादरा थेट घोट्यात. पाणी मुरायचं बंद होतं, सगळं वर्गांच्या जोत्याशी साचतं. चिखल होतो म्हणून ब्लॉक मागणाऱ्या मुख्याध्यापकांनीच शाळेचे खेळ संपवलेत.

मॅटचहवी
ब्लॉक नको, माती हवी, हे मातीचं कौतुक पुरे करा. प्रो कबड्डी २०१४ मध्ये आली, तेव्हापासून वरच्या पातळीवर सगळं मॅटवर. आपली पोरं मातीत अनवाणी सराव करतात आणि विभागीय स्पर्धेत पहिल्यांदा मॅटवर बूट घालून उतरतात. चढाईला बोनसचा गुण घ्यायला रेषेपलीकडे पाय टाकला की बूट जागेवर अडकतो आणि गुडघा फिरतो. मातीत पाय घसरत पुढे जातो, ती सवय अंगात भिनलेली असते. पकड करताना कोपर आणि गुडघे मॅटवर घासून भाजतात. चांगला संघ पहिल्याच फेरीत बाहेर. शाळेला एक मॅट द्या, बाकी काही मागत नाही.

मैदानकर
मॅट द्या म्हणजे कुठे द्या? कबड्डीचं मुलांचं मैदान १३ बाय १० मीटर, मुलींचं १२ बाय ८. एक मीटरचे तुकडे धरले तर मुलांच्या मैदानाला १३० लागतात. भोवती ४ मीटर मोकळी जागा सोडायची तर २१ बाय १८ मीटरचा हॉल हवा. जिल्हा परिषदेच्या किती हायस्कुलांत असा हॉल आहे? उघड्यावर अंथरलं की सांध्यांत धूळ बसते आणि तुकडे एकमेकांत बसेनासे होतात. खाली पाणी शिरलं की मॅट फुगा धरते. उन्हात कडा वर वळतात, तिथेच ठेच लागते. रोज उचलायची म्हटली तर १३० तुकडे कोण उचलणार? शिपायाच्या पदाऐवजी भत्ता द्यायचं धोरण आल्यापासून शाळेत घंटा द्यायलाही माणूस नाही.

माती नीट केली तर उत्तम चालते. वरची काळी माती फूटभर काढून टाका, ती पावसात फुगते आणि दिवाळीनंतर तडकते. तळाला जाडा मुरूम दाबून घ्या. वर चाळलेला बारीक मुरूम, गाळाची माती, कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा यांचा अर्ध्या फुटाचा थर. पाणी मारून एक रात्र मुरू द्यायचं, सकाळी ओल बसल्यावर रोलर. ओली असताना रोलर फिरवला की माती रोलरलाच चिकटून येते, हीच चूक सगळीकडे होते. कोर्ट भोवतालच्या जमिनीपेक्षा चार-पाच बोटं उंच आणि कडेने चर, म्हणजे पाणी बाहेर जातं.

मॅटचहवी
सल्ला चांगला, पण हे सगळं मे महिन्यात होणार आणि शालेय स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरला, भर पावसात. तेव्हा तुमच्या मुरमाचा राडा झालेला असतो. संघ बनतो तो जुलैमध्ये, आणि जुलैत सराव कुठे करायचा? याचं उत्तर द्या. उगाच शेणखत सांगू नका.

मैदानकर
उगाच काय? कबड्डीच्या मैदानाच्या नियमातच माती, खत, भुसा होतं. वाचून बोला.

खोखोवाली
दोघंही कबड्डीच्या पुढे जायलाच तयार नाहीत. खो-खोला ना हॉल लागतो ना मॅट, आणि तोच खेळ शाळांतून नाहीसा होत चाललाय, कारण २७ बाय १६ मीटरची सलग जागा पेव्हर ब्लॉकने खाल्ली. पावसात खांबाची मुळं सैल होतात, मुलगी वळण घ्यायला खांब धरते आणि खांब हलतो. १२० ते १२५ सेमी उंचीचा गुळगुळीत गोल लाकडी खांब पाहिजे, तिथे शाळा लोखंडी पाइप ठोकतात. पाइपच्या वरच्या उघड्या कडेने तळहात कापतो. आधी तो पाइप काढा.

गणितप्रेमी
मी दहावीच्या निकालाबद्दल लिहिलं होतं. इथे शेणखत आणि खांब चाललेत. एवढं मान्य करतो की चार गटांचा तास लावणारा शिक्षक असेल तर त्याची तासिका काढून घेऊ नये. पण तसा शिक्षक नाही तिथे काय करायचं? मुलांना झाडाखाली बसवायचं? वाढीव गुणांवर तर एकाचंही उत्तर आलेलं नाही.

काटकोन
गुणांवर माझं उत्तर हे. तुमचा मुद्दा खरा आहे, मला तो आवडत नाही तरी. चित्रकलेचा शिक्षक नसलेल्या शाळेतल्या मुलीला ७ गुणांची दारं बंद असतील तर ती विषमताच. पण ती मिटवायला गुण बंद करा म्हणणं चूक आहे. सप्टेंबरअखेर इंटरमिजिएट असते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन एवढीच तयारी. केंद्रशाळेच्या पातळीवर चार-पाच शाळांना मिळून एक कलाशिक्षक फिरता ठेवला, जूनपासून दर शनिवारी सलग दोन तासिका दिल्या, तर जलरंग हाताळायला मुलं शिकतात. बहुतेकांचं स्थिरचित्र फसतं ते एकाच कारणानं. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळायच्या आत दुसरा देतात आणि सावली मळकट होते. ही गोष्ट शनिवारच्या दोन तासिकांत सुधारते. क्लासची गरज पडत नाही.

आणि दहावीला मिळणाऱ्या खेळाच्या वाढीव गुणांबद्दल कुणी बोललंच नाही. ते स्पर्धेच्या स्तरानुसार मिळतात, आंतरराष्ट्रीयला २५ पर्यंत. मुलांचे ते बुडतात ते कागदांपायी. प्रमाणपत्रावरचं नाव आणि बोर्डाच्या अर्जातलं नाव वेगळं, किंवा स्पर्धा मान्यता नसलेल्या संघटनेची. प्रवेशिका भरतानाच शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षरन्‌अक्षर उतरवा.

मॅटचहवी
फिरत्या कलाशिक्षकासारखीच फिरती मॅट ठेवा मग. एका केंद्रात एक संच, मोठा हॉल किंवा मंगल कार्यालय असेल त्या गावात. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेच सराव.

मैदानकर
मंगल कार्यालय आषाढापासून चातुर्मासात रिकामंच असतं, तेव्हा हे जमू शकतं. पैशांचं बघा. समग्र शिक्षा अभियानात सरकारी माध्यमिक शाळेला खेळ साहित्यासाठी वर्षाला २५ हजारांपर्यंत मिळतात. एका शाळेच्या पैशांत पूर्ण मॅट येत नाही, पाच-सहा शाळांनी एकत्र केले तर विचार करता येईल. पण दरवर्षी त्यातून कॅरम आणि रिंगा येतात, कारण कोटेशन जमवणं सोपं. अनुदानित शाळांना तर वेतनेतर अनुदानावर अवलंबून राहावं लागतं आणि ते वेळेवर येत नाही. शाळा व्यवस्थापन व विकास समितीच्या जूनच्या बैठकीत हा विषय घ्या, ठरावात साहित्याचं नाव आणि माप लिहा. नुसतं ‘क्रीडा साहित्य’ लिहिलं की कॅरमच येतो. माती मात्र मी सोडणार नाही. बाकी दहा महिने पोरं तिच्यावरच खेळणार आहेत.

खोखोवाली
ठरावात खांबही लिहा. लाकडी, दोन नग, व्यास ९ ते १० सेमी.