मदत हवी आहे: सात्सुमा बंडाचं जपानी ठसाचित्र, डावं पान दुसऱ्या संचातलं असेल का?

नमस्कार मंडळी,

मी कामानिमित्त तोक्योत राहतो. गेल्या महिन्यात जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्लीत एक उकियो-ए घेतलं, म्हणजे लाकडी ठशांवरून हाताने छापलेलं चित्र. तीन सुटी पानं शेजारी मांडली की एक प्रसंग पुरा होतो. विषय १८७७ चं सात्सुमाचं बंड, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या सात्सुमा प्रांतातल्या सामुराईंनी नव्या सरकारविरुद्ध केलेला उठाव. नावांच्या चौकटी ऑफिसातल्या सहकाऱ्याने वाचून दिल्या. मधल्या पानावर घोड्यावर आहे तो बंडखोरांचा म्होरक्या साइगो ताकामोरी. उजवीकडे कपाळाला पांढरी पट्टी बांधलेले सामुराई, डावीकडे गणवेशातलं सरकारी सैन्य.

या चित्राने मला झपाटलंय. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली, पिढीजात तनख्यांच्या जागी सरकारी रोखे हातात पडले, आणि पुढच्याच वर्षी कागोशिमातून ही माणसं निघाली. २४ सप्टेंबरला शिरोयामाच्या टेकडीवर साइगो पडला. पण उजव्या पानाच्या समासात सरकारदरबारी नोंदीची तारीख आहे मेइजी १० (म्हणजे १८७७), १५ मार्च. तेव्हा याच बंडातली ताबारुझाकाची लढाई चालू होती! शेवट काय होणार हे चित्रकारालाही ठाऊक नव्हतं. साइगोचा खात्रीचा एकही फोटो नाही, त्यामुळे ही भरघोस दाढी चित्रकाराच्या मनातली असावी.

आता अडचण. उजवं आणि मधलं पान एका रंगाचं आहे, डाव्यावरचा लाल मात्र बराच भडक. जोडावर टेकडीची रेघही दोनेक मिलिमीटर सरकते. या पानाचा समास कोणीतरी कापलाय, त्यामुळे तारीख गेली. भिंगातून यंत्राच्या छपाईचे ठिपके दिसत नाहीत. उजव्या आणि डाव्या पानाच्या पाठीमागे रंग झिरपलाय, बारेन (कागद ठशावर दाबायची गोल चकती) घासल्याच्या गोल खुणाही आहेत. म्हणजे छपाई हातचीच.

मग डावं पान वेगळ्या वेळच्या छपाईतलं आहे, की बाकीची दोन उन्हाने फिकी पडली? हे कशावरून ठरवायचं?

दुसरं, मधल्या पानाला मागून जाड कागद चिकटवलाय. एकाने पाण्यात भिजवून सोडवायला सांगितलं, पण मेइजी काळातला हा अ‍ॅनिलिन (कृत्रिम रंगाचा) लाल ओलाव्याने पसरतो, म्हणून हात लावला नाही. फ्रेमवाला तर कडा कापून जोड जुळवून देतो म्हणतोय. त्याला सध्या नकार दिलाय.

पानं आम्लरहित कागदात, ड्रॉवरमध्ये सपाट ठेवली आहेत. जुनी कागदी चित्रं सांभाळण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा. दोन्ही बाजूंचे फोटो पहिल्या प्रतिसादात टाकतो.