मदत हवी आहे : बदली ऑक्टोपॅडवाला, ठाणे-कळवा

गेल्या आठवड्यात वडील गेले. मी कळव्यातल्या एका बेंजो पार्टीत (मिरवणुकीत वाजवणाऱ्या पथकात) ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम-पॅड, वाजवतो. गणपती आगमनाच्या सुपाऱ्या तोंडावर आल्यात, ॲडव्हान्स घेऊन झालाय आणि बाकीच्या पोरांची मोठी कमाई याच हंगामातली. आई म्हणते, तेराव्यानंतर खुशाल वाजव. काका मात्र वर्षभर वाद्याला हात लावू नको म्हणून बसलेत (पॅडचे हप्ते त्यांना भरायचे नाहीत!).

तेराव्यापर्यंत तरी ठाणे, कळवा, ऐरोलीकडचा कुणी बदली वाजवणारा मिळेल का? कोळीगीतांचा ठेका पक्का हवा. टोन (वाद्यांचे आवाज) माझ्या पॅडमध्ये भरलेले आहेत, पॅड मी देईन. मानधन ठरल्याप्रमाणे त्याच रात्री.

आणि ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना विचारतो, तुम्ही वर्षश्राद्धापर्यंत थांबलात, की आधीच मिरवणुकीत उभे राहिलात? घरच्यांना कसं समजावलं?