कीटोनं चौदा किलो गेले, नऊ परत आले. तरी दुसऱ्याला सांगावा का हा आहार?

गोदाकाठ

गेल्या आठवड्यात नणंदेचा फोन आला, "वहिनी, तुम्ही तो कीटो केला होतात ना, त्याचा तक्ता पाठवा." मी पाठवला नाही. ती नाराज आहे आणि मलाही चैन नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझं वय ४६, थायरॉईडची गोळी चालू. सुरुवातीचं वजन ८४. सात महिने कडक कीटो केला, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅमच्या आत कर्बोदकं. वजन ७० वर आलं. सोडल्याला आता चौदा महिने झाले आणि आज सकाळी काटा ७९ दाखवत होता.

आधी चांगलं सांगते, कारण ते खोटं नव्हतं. भूक शमली. शाळेत अकराच्या सुमाराला पोटात खड्डा पडायचा, हात थरथरायचे, ते तिसऱ्या आठवड्यापासून थांबलं. पहिल्या दहा दिवसांतच साडेतीन किलो उतरले. त्यात बरंचसं पाणी होतं हे नंतर समजलं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा असतो, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं. पण पुढचं वजन खरंच चरबीचं होतं, गुडघ्यांनी त्याची पावती दिली. दोन मजले न थांबता चढायला लागले.

आता दुसरी बाजू. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकायचं, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. मीठ घालून लिंबूपाणी प्यायला लागल्यावर ते थांबलं. पोट साफ होईना. चौथ्या महिन्यापासून केस पुंजक्यानं गळायला लागले. धाकटी एकदा शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुझ्या तोंडाला नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास येतोय." तो ॲसिटोनचाच वास असतो, शरीर कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं, वापरायला लागल्याची खूण. सहाव्या महिन्यात रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १२८ वरून १९१ वर गेलेलं.

पण मी सोडला तो यातल्या कशामुळेच नाही. घरात पाच माणसं, स्वयंपाक माझा. रोज कणीक मी भिजवायची, वीस पोळ्या मी लाटायच्या, तव्यावर पोळी टम्म फुगून कडेनं वाफ सुटली की तो वास नाकात घ्यायचा, आणि सगळ्यांची पानं वाढून झाली की आपल्यासाठी किसलेला फ्लॉवर परतायला घ्यायचा. असं सात महिने. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला सासूबाईंनी खिरीची वाटी पुढं केली. मी ती घेतली आणि त्या दिवशी सगळं सुटलं.

मला राग याचा आहे की ज्या ऑनलाइन सल्लागाराकडून पैसे भरून तक्ता घेतला, त्यात आत कसं शिरायचं हे पानंच्या पानं होतं, पण बाहेर कसं यायचं याची एक ओळ नव्हती. कुठली रक्ततपासणी करा हेही नव्हतं. बाहेरची वाट माहीत नसताना मी नणंदेला आत कसं ढकलू?

दर्यावर

गोदाकाठताई, तुमचे हाल समजले, पण निष्कर्ष पटला नाही. वजन परत आलं कारण पोळ्या परत आल्या. रक्तदाबाची गोळी बंद केली आणि दाब वाढला, तर आपण गोळीला नावं ठेवतो का?

माझं ऐका. मी मालवणकडचा, वय ५३. तीन वर्षांपूर्वी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ९.२ होतं, दोन गोळ्या चालू आणि डॉक्टर इन्सुलिनचं बोलायला लागले होते. माझ्या वडिलांचा पाय मधुमेहानं गेला, मी तो स्वतः धुवायचो. त्या भीतीनंच मी हे धरलं. सकाळी दोन-तीन अंडी, दुपारी बांगडा किंवा पेडवे, सोबत कोबीची नाहीतर दुधीची भाजी भरपूर ओलं खोबरं घालून, रात्री सुकट किंवा कोंबडी आणि सोलकढी. गोळ्या डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्यानं उतरवल्या. आज एचबीएवनसी ५.९, एक गोळी, वजन ९१ चं ७६ झालं आणि तिथंच टिकून आहे.

कोकणातल्या माणसानं भात सोडणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. पेजेवर वाढलोय मी. पण वडिलांचा पाय आठवला की ताटात हात आवरतो. ज्याला गरज आहे त्याच्यापासून ही माहिती लपवणं मला अन्यायच वाटतो.

काळीआई

आमच्याकडं बार्शीच्या रानात मालदांडी ज्वारी पिकती. घरात चार पिढ्या भाकरीवर जगल्या, आजा नव्वदीपर्यंत ताठ होता. आता शहरातली माणसं येऊन सांगायला लागली की भाकरी म्हणजे विष. लई वाईट वाटतं वाचून.

आन दुसरं, पैशाचं बोला की. पनीर, बदाम, लोणी, रोज अंडी-मासं. पाच माणसांच्या घरात एकट्यासाठी एवढं आणायचं कुणाला परवडतं? ज्वारी घरची, पिठलं घरचं, शेंगदाण्याची चटणी घरची. हे सोडून दुकानातलं खा म्हणणारा सल्ला गरिबाला नाहीच.

दर्यावर

काळीआई, भाकरीला विष कोणी म्हटलेलं नाही. पण हिशोब बघा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं ७० ग्रॅमच्या आसपास. हातावरची एक बऱ्यापैकी भाकरी ६० ग्रॅम पिठाची धरली तरी ४० ग्रॅम झाली. कीटोचा दिवसाचा वाटा एका भाकरीतच संपला. तुमचे आजोबा नांगरामागं दिवसभर चालत होते. त्यांचा नातू दिवसभर खुर्चीत बसून तेवढ्याच भाकरी खातोय.

ओपीडी

ग्रामीण रुग्णालयात काम करतो, रोज मधुमेहाचे रुग्ण बघतो. दर्यावर यांची शेवटची दोन वाक्यं पटतात, पण पूर्ण बाजू त्यांची घेणार नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे, २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेलं. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र त्या गोऱ्या डॉक्टरांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं दिसायला बारीक असूनही पोटाशी चरबी बाळगतात, ती अशी. त्यामुळं भाताची रास आणि चार भाकऱ्या आजच्या बैठ्या माणसाला झेपत नाहीत हे खरंच आहे. पण त्यासाठी ३० ग्रॅमपर्यंत उतरायलाच हवं असं नाही. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहावरच्या देशव्यापी पाहणीच्या २०२२ च्या अभ्यासात नव्या मधुमेहींसाठी जे गणित मांडलं, त्यात कर्बोदकं ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या जवळ होती. आपल्या ताटात कर्बोदकं ६० ते ७५ टक्के असतात. म्हणजे एक भाकरी कमी, एक वाटी डाळ किंवा एक अंडं जास्त. काळीआईंच्या घरातही हे जमेल.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना मनानं कीटो सुरू करू नका. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि भात-पोळी एकदम बंद केली, तर साखर धाडकन खाली येते. आणि नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेल्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, त्या तर फार जपून. या गोळ्यांवर कीटो केला तर रक्तात कीटोन घातक पातळीला जाऊ शकतात आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसतच नाही. रुग्णाला उलट्या होतात, धाप लागते, घरचे ग्लुकोमीटर लावतात, आकडा १८० दिसतो आणि "साखर ठीक आहे, पित्त झालं असेल" म्हणून घरीच ठेवतात. तिथं जीव जातो. दर्यावर यांनी डॉक्टरांच्या हातून गोळ्या उतरवल्या म्हणून ते निभावलं.

पाऊलवाट

मी पुण्यात, वय २९, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. चार महिने केला, ९ किलो गेले. सोडताना मात्र घाई केली नाही. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत गेलो, आधी ताक आणि मूग, मग एक वेळ अर्धी भाकरी. दीड वर्षात दोनच किलो परत आले. बाहेरची वाट असते, गोदाकाठताई, कोणी दाखवली नाही एवढंच.

पण दर्यावरकाकांना एक विचारायचंय. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला. अर्ध्यांना कमी कर्बोदकं, अर्ध्यांना कमी चरबी. एका गटाचं सरासरी ६ किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३. फरक नगण्य. मग कीटोत असं वेगळं काय आहे?

दर्यावर

तो प्रयोग मीही वाचलाय. त्यात सुरुवात २० ग्रॅमनं झाली, पण वर्षाअखेरीस ते लोक शंभराच्या वर पोचले होते. त्याला कीटो म्हणत नाहीत.

पाऊलवाट

काका, हेच तर माझं म्हणणं आहे. वर्षभर २० ग्रॅमवर बहुतेकांना राहताच आलं नाही. आहार चांगला की वाईट हे ठरवताना तो पाळता येतो का हेही धरायला नको का?

निशिगंध

फार कमी लिहिते मी इथं. आज लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझ्या मुलाला दीड वर्षाचा असल्यापासून फेफरं यायचं. तीन औषधं झाली, तरी दिवसाला पंधरा-वीस झटके. मग मुंबईतल्या डॉक्टरांनी कीटोजेनिक आहार सुरू केला. हा आहार त्यासाठीच तयार झालेला आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी तो सुचवला आणि नावही त्यांनीच दिलं. पुढं १९३८ मध्ये फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध आल्यावर तो मागं पडला.

आमचं प्रमाण चारास एक होतं. म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध चार ग्रॅम. सोनाराकडं असतो तसा काटा ओट्यावर ठेवलेला. लोणी, साय, नारळाचं तेल, सगळं दशांशापर्यंत मोजून. वाटीला चिकटलेलं तूप रबरी उलथन्यानं निपटून त्याला भरवायचं, कारण ते वाटीत राहिलं तर प्रमाण बिघडतं. वाढदिवसाला गेलो की मी त्याचा डबा घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात बसायची. सर्दीचं गोड औषधसुद्धा चालत नव्हतं. दर तीन महिन्यांनी रक्त, लघवी, मुतखड्यासाठी सोनोग्राफी. अडीच वर्षं. झटके आठवड्याला एकावर आले आणि त्याला पहिल्यांदा माझं बोलणं कळायला लागलं.

ज्या आहारानं माझं मूल मला परत दिलं, त्याला मी वाईट कसं म्हणू? पण आम्हाला आत नेताना डॉक्टर, आहारतज्ज्ञ, परिचारिका सगळे सोबत होते, आणि बाहेर काढतानाही हळूहळू, कित्येक महिने लावून काढलं. लग्नाच्या आधी दोन महिन्यांत बारीक व्हायचं म्हणून मोबाइलवरचा तक्ता बघून तोच आहार करणारी माणसं दिसतात तेव्हा पोटात कालवतं.

काळीआई

ताई, लेकरू आता कसं आहे?

निशिगंध

दुसरीत आहे. भाकरी-दूध कुस्करून खातो. विचारलंत, बरं वाटलं.

गोदाकाठ

सगळं दोनदा वाचलं. दर्यावर, तुमचा आकडा बघून खरंच आनंद झाला. पण एक विचारते, राग मानू नका. तीन वर्षं तुमचे बांगडे साफ कोण करतंय? कोबीवर खोबरं कोण खवून घालतंय? तुम्ही ताटात हात आवरता, पण ताट तुमच्यापुढं तयार येतं. मला पोळ्या लाटताना हात आवरायचा होता. या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. आपल्याकडं आहार पाळणाऱ्या बाईला घरातलं कोणी म्हणत नाही की आजपासून सगळ्यांची कणीक मी मळतो.

दर्यावर

रागावलो नाही. बायको करते सगळं, आणि तिनं स्वतः भात सोडलेला नाही, म्हणजे रोज दोन स्वयंपाक. तीन वर्षांत मी हे कुठंच लिहिलं नाही, ते चुकलंच. तिला आता वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्या बाईचा बरोबर आसा."

तरी माझं मत बदललेलं नाही. ज्याचं एचबीएवनसी नऊच्या वर आहे त्याला हा मार्ग माहीत असायलाच हवा. घरच्यांनी मिळून करावा, डॉक्टरांना धरून करावा, पण माहीत असावा.

गोदाकाठ

ओपीडींचं वाचून रात्रीच नणंदेला फोन लावला. वजनाचं काही बोललेच नाही, फक्त विचारलं, साखरेची गोळी कुठली घेतेस. तिला नाव सांगता येईना, म्हणून पाकिटाचा फोटो पाठवायला सांगितला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात डापाग्लिफ्लोझिन लिहिलंय. आणि तिनं माझी वाट न बघता दुसऱ्या कुणाकडून तक्ता मिळवून परवापासून सुरूही केलाय.

ओपीडी

तिला आजच सांगा, पोळी-भात नेहमीसारखा सुरू करायचा, पाणी भरपूर प्यायचं. गोळीचं काय करायचं ते तिच्या डॉक्टरांना फोन करून आजच विचारा. मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा धाप, यातलं काहीही असेल तर साखरेचा आकडा बघत बसू नका, सरळ दवाखान्यात नेऊन रक्तातले कीटोन तपासायला सांगा. काही त्रास नसेल तरी उद्या डॉक्टरांना दाखवाच.

गोदाकाठ

आत्ता बोलले. मळमळ नाही, धापही नाही, थोडं डोकं दुखतंय म्हणाली. नंदावे कामावरून येताना तिच्या डॉक्टरांशी बोलून येतायत. मी डबा भरून निघतेय तिच्याकडं, मुगाची खिचडी आणि कढी.