छोट्या देशानं फायटर विमानं घ्यावी का ड्रोन? पैसा कुठं लावावा?

कापूसवाला, आर्वी
राजेहो, ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून आमच्या पारावर जेट भारी का ड्रोन भारी हाच वाद चालू हाये, अन् दर वेळेस गाडी भारत-पाकिस्तानवर येऊन अडकते. भारत मोठा देश, त्याले दोन्ही परवडते. मले बोलायचं हाये आर्मेनियासारख्या देशाबद्दल, तीस लाखाच्या आसपास लोकं, खिसा लहान अन् शेजारी तेलाच्या पैशावाला. माझं मत असं का अशा देशानं फायटर विमान घेऊच नये. आर्मेनियानं रशियाकडून चार सुखोई-३० घेतले, २०१९ च्या शेवटी आले, अन् २०२० मध्ये अझरबैजानसोबत ४४ दिवस लढाई झाली त्यात ते काहीच कामी नाही आले. मंग पंतप्रधान पाशिन्यान यायनंच सांगतलं का विमानासोबत मिसाईल नव्हते. अन् तिकडं अझरबैजाननं काय केलं पाहा, जुनाट एएन-२ विमानं, दोन मजली पंखाची, रशियात ज्यायनं फवारणी करत होते ते, बिनपायलटची करून पुढं सोडली. आर्मेनियानं त्यायच्यावर मिसाईल मारले का रडार कुठं लपवलं ते समजलं, अन् वरून तुर्कीचे बायरक्तार टीबी-२ ड्रोन अन् स्वतःच आदळून फुटणारे हारोप ड्रोन येऊन तेच रडार फोडून गेले. एवढं पाहून पण कोणी म्हणत असन का आधी जेट घ्या, तर त्यानं कारण सांगावं.

मास्तर, दारव्हा
कारण सांगतो भाऊ. मिसाईल न घेता विमान घेतलं यात विमानाचा काय दोष? अन् तुम्ही फक्त लढाईचे ४४ दिवस धरले, बाकीची वर्षं कोण पाहणार? फेब्रुवारी २०१४ ची जिनिव्हाची गोष्ट घ्या. इथिओपियन एअरलाइन्सचं रोमला जाणारं विमान, को-पायलटनंच कॅप्टनला बाहेर कोंडून पळवलं अन् पहाटे जिनिव्हाला आणलं, आत दोनशे माणसं. स्वित्झर्लंडची वायुसेना तेव्हा ऑफिसच्या टायमानं चालत होती, पहाटे कोणी ड्युटीवरच नव्हतं, मग इटली अन् फ्रान्सची फायटर सोबत आली. तिथं ड्रोन पाठवून काय केलं असतं? त्या विमानाच्या बाजूला जाऊन कॉकपिटमध्ये कोण आहे ते पाहायचं, पंख हलवून इशारा द्यायचा, अन् पाडायचं की नाही हे ठरायच्या आधी दहा गोष्टी तपासायच्या, हे काम पायलटचं आहे. जमिनीवरचं मिसाईल एकच गोष्ट करू शकतं. स्विस लोकांनी त्यानंतर हळूहळू टाईम वाढवत २०२० संपता संपता चोवीस तास पहारा चालू केला, उगाच नाही केला.

यवतमाळचा पोट्टा
मास्तर पण स्वित्झर्लंड पैशावाला हाये ना. एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया पाहा, तिघायजवळ स्वतःचं एक पण फायटर नाही, २००४ पासून नाटोवाले पाळीपाळीनं येऊन पहारा देते. सप्टेंबर २०२५ मध्ये रशियाचे तीन मिग-३१ फायटर एस्टोनियात घुसून १२ मिनिटं राहिले तं इटलीचे एफ-३५ उठले. म्हणजे पहाऱ्याची गरज हाये हे खरं, पण तो पहारा शेजाऱ्यासोबत मिळून पण करता येते. आता आर्मेनियाले असा शेजारी कोण देईन हा प्रश्न हायेच, ते मी मानतो.

कापूसवाला, आर्वी
तेच तं म्हणून रायलो! ज्याले नाटो नाही त्यानं चार-सहा विमानं घेऊन काय करावं? एक एफ-३५ घ्याचं म्हटलं तं नुसतं विमानच ८ कोटी डॉलरच्या वर जाते, मंग पायलटची ट्रेनिंग, स्पेअर, हँगर, धावपट्टी वेगळी. अन् छोट्या देशात धावपट्ट्या असते किती, दोन नाही तं तीन, पहिल्याच रात्री दुश्मन त्याच फोडन. आर्मेनियानं हारल्यानंतर भारताकडून पिनाका रॉकेट अन् विमान पाडाचे आकाश मिसाईल घेतले, पिनाकाचे रॉकेट तं आपल्या नागपुरात बनते. नागपूरचीच सोलर कंपनी नागास्त्र हा आदळून फुटणारा ड्रोन बनवते, भार्गवास्त्र नावाची ड्रोन पाडाची सिस्टीम बनवते, त्याची टेस्ट मे २०२५ मध्ये गोपालपूरले झाली. छोट्या देशानं अशा वस्तू घ्याव्या, ढीगभर घ्याव्या अन् पसरून ठेवाव्या.

यवतमाळचा पोट्टा
धावपट्टीचं तेवढं बरोबर नाही दादा. स्वीडननं ग्रिपेन फायटर बनवलंच रस्त्यावरून उडाले, ८०० मीटर सरळ रोड अन् थोडेशे पोरं पुरते. पण ते करा लागते आधीपासून, लढाई लागल्यावर रोड शोधून होत नाही.

ड्रोनवाली ताई, समुद्रपूर
मी बचत गटाकडून फवारणीचा ड्रोन चालवते, म्हणून "ड्रोन स्वस्त" हे वाक्य ऐकलं का मले बोला लागते. दहा लिटरची टाकी, एक एकर झालं का उतरवा, टाकी भरा, बॅटरी बदलवा. बॅटरी तापलेली असली का लगेच चार्जिंगले लावता येत नाही, थंडी होऊ द्या लागते, म्हणून चार-पाच जोड्या सोबत घेऊनच फिरा लागते. वारा सुटला का काम बंद. जीपीएस गेलं का ड्रोन जागेवर थांबत नाही, वाऱ्यासोबत सरकत जाते अन् तेव्हा हातावरच सांभाळा लागते, नवीन पोरगी असली का घाबरते. हे शांततेत, आपल्याच वावरात. लढाईत तं समोरचा मुद्दाम सिग्नल तोडते, युक्रेनमध्ये म्हणूनच बारीक फायबरची तार सोडत जाणारे ड्रोन आले. तेच बायरक्तार युक्रेननं २०२२ च्या सुरवातीले गाजवले, अन् रशियाचं एअर डिफेन्स जागेवर बसलं का त्यायचं आघाडीवर उडणंच कमी झालं. ड्रोन घ्यावेच, माझा विरोध नाही. पण चालवणारे हात, बॅटऱ्या, पार्ट कुठून येते अन् तो देश ऐन वेळी देईन का, हा खर्च कापूसवाले दादा धरतच नाही.

रिटायर्ड तोपची, भंडारा
मी आर्मी एअर डिफेन्समध्ये होतो, एल-७० गनवर. चार-चार गोळ्यांची क्लिप हातानं वरून भरा लागते, मिनिटाले तीनशेच्या आसपास फायर जाते, म्हणजे भरणाऱ्या जवानाले मान वर कराले टाईम नसते. गन स्वीडिश बोफोर्सची, आपल्याकडे साठच्या दशकापासून, अन् मे २०२५ मध्ये पाकिस्तानचे ड्रोन पाडाले हीच गन, फक्त नवीन कॅमेरे अन् रडार लावून. तेव्हा जुनं-नवं हा वाद सोडा. खरी गोष्ट कोणी बोलूनच नाही रायलं, आधी दिसलं पायजे. दहा मीटर उंचीवर रडार ठेवलं अन् समोरचा शंभर मीटरवरून येऊन रायला, तं पृथ्वीच्या गोलाईनं तो पन्नासेक किलोमीटरवर आल्यावरच दिसते, अन् आर्मेनियासारखा डोंगर असला तं तेवढं पण नाही. २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेल कारखान्यावर ड्रोन अन् क्रूझ मिसाईल पोचले, हवेतच पाडणारे अमेरिकेचे इतके महागडे पॅट्रियट मिसाईल असून. युक्रेननं खांबाखांबावर मायक्रोफोन लावले, रशिया सोडते त्या शाहेद ड्रोनचा आवाज पकडाले, त्यावरून गनवाल्या गाड्या रस्त्यावर पुढं जाऊन उभ्या राहते. शाहेद वीस ते पन्नास हजार डॉलरचा धरते, पॅट्रियटचं एक मिसाईल चाळीस लाखाच्या घरात. असा हिशोब कोणता छोटा देश किती रात्री चालवन? म्हणून पहिला पैसा पाहाच्या साधनावर, दुसरा गनवर अन् गोळ्यावर.

मास्तर, दारव्हा
फौजी काका, पाहायचं साधन पहिलं हे एकदम मान्य. पण गन जिथं उभी तेवढीच जागा राखते, सगळ्या गावांत गन ठेवायला तोपची कुठून आणणार? एप्रिल २०२४ मध्ये इराणनं इस्रायलवर तीनशेच्या वर ड्रोन-मिसाईल सोडले तेव्हा अमेरिकेच्या एफ-१५ नी कितीतरी ड्रोन इस्रायलला पोचायच्या आधीच वाटेत पाडले. विमान इकडून तिकडं शंभर किलोमीटर सात-आठ मिनिटांत जातं, गन जाते का? पाच-सहा का होईना, पण मिसाईलसकट अन् रोज उडणारी विमानं असलीच पाहिजे.

रिटायर्ड तोपची, भंडारा
मास्तर, पाच-सहा घेतले का एखादं मेंटेनन्सले, एखादं ट्रेनिंगले, अन् चोवीस तास तयार राहते दोन. ते दोन जिनिव्हासारख्या कामाले ठेवा, मी नाही म्हणत नाही. पण रात्री दोनशे शाहेद आले तं ते दोघं दोन-चार पाडून परत येईन, बाकीचे गनलेच पाडा लागन.

ड्रोनवाली ताई, समुद्रपूर
काका एक विचारते, वर आपले पण ड्रोन अन् दुश्मनाचे पण, त्यात आपलं विमान पण, तं अंधारात गनवाला आपलं कोणतं हे ओळखते कसं?

रिटायर्ड तोपची, भंडारा
ताई, विमानात आयएफएफ, म्हणजे आपलं का परकं ओळखाचं यंत्र, असते, विचारलं का कोडमध्ये उत्तर येते. छोट्या ड्रोनमध्ये ते बहुतेक नसतेच. मंग टाईम अन् इलाका वाटून द्या लागते, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत या पट्ट्यात आपलं काही उडणार नाही, तेव्हाच गन मोकळी. त्याले सगळ्यायचा एकच कंट्रोल रूम पायजे अन् दर महिन्याले प्रॅक्टिस. कापूसवाले भाऊ, तुमच्या ढीगभर वस्तूच्या यादीत हा कंट्रोल रूम सगळ्यात वर लिहा.

कापूसवाला, आर्वी
लिहितो काका, रडार अन् मायक्रोफोन पण लिहितो. विमान मात्र माझ्या यादीत अजून पण नाही. मास्तरायनं सांगावं, ते सहा विमानं घ्याले वरच्यापैकी काय काय खोडाचं?