एकाच गटात म्हणजे सारखंच घातक नव्हे

प्रक्रिया केलेलं मांस (सॉसेज, बेकन, हॅम वगैरे) सिगारेटइतकंच घातक, असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते, असं कुणीतरी लिहिलंय. त्याबद्दल थोडं.

२०१५ मध्ये संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे मांस तंबाखूच्याच गटात टाकलं, हे खरं. पण ते गट पुरावा किती पक्का आहे एवढंच सांगतात, धोका किती मोठा आहे हे नाही. बातम्यांमधून नेमकं हेच गळालं आणि लोक उगाच धास्तावले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, तो मूळ धोक्याच्या १८ टक्के. म्हणजे समजा १०० पैकी ५ जणांना तो होणार असेल, तर ५ चे साधारण ६ होतात, २३ नव्हे! धूम्रपानाने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तरीही असं मांस कमीच खावं, हे मला पटतं.

रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं, या समजातही नेमका महत्त्वाचा भाग असाच गळालाय. १९४५ च्या अमेरिकी शिफारशीत दिवसाला अडीच लिटर होतं, पण त्यातलं बहुतेक अन्नातूनच मिळतं, हेही तिथेच लिहिलं होतं.